रामेनला पंगत चालत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॉलेजचे पाच जुने मित्र डिसेंबरात टोकियोत भेटताहेत. एखाद्या साध्याशा जपानी कॅफेत बसून, निवांत गप्पा मारत रामेन, म्हणजे सुपातल्या गरम नूडल्स, खायच्या आहेत. पाचातला एक पक्का शाकाहारी, एक डुकराचं मांस खात नाही, उरलेल्या तिघांना काहीही चालतं. कुठं जावं, काय मागवावं, खर्च किती, आणि काय केलं तर लोक वळून बघतील?

मी मूळचा कोल्हापूरचा. टोकियोतल्या एका दहा खुर्च्यांच्या रामेनच्या दुकानात आठ वर्षं स्वयंपाकघरात काढली. त्यातलं पहिलं वर्ष तर कांद्याची पात चिरण्यात आणि हाडं धुण्यातच गेलं. त्या जोरावर सांगतो, तुमच्या प्रश्नातला अडचणीचा शब्द एकच आहे, ‘निवांत’. शाकाहाराचा तिढा सुटेल, पैशांचाही सुटेल. पण रामेन आणि निवांतपणा यांचं जमत नाही. ते का, हे एकदा कळलं की कुठं जायचं आणि काय मागवायचं हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

मिसळ कशी लागते ते आठवा. उसळ वेगळी, कट वेगळा, वरची तर्री वेगळी, फरसाण वेगळं. गिऱ्हाईक बसल्यावर सगळं एकत्र येतं आणि घड्याळ सुरू होतं. पाच मिनिटं गप्पांत गेली की फरसाणाचा लगदा. रामेनचं गणित अगदी हेच आहे. मोठ्या पातेल्यात रात्रंदिवस शिजणाऱ्या सुपात मीठ नसतं. कोल्हापूरकराला ते एका शब्दात सांगता येतं: सूप अळणी असतं, पांढऱ्या रश्श्यासाठी आधी काढतात तसं. खारटपणा येतो ‘तारे’ नावाच्या दाट, झणझणीत खारट अर्कातून, म्हणजे सोया सॉस, मीठ किंवा मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा) यांच्या पायावर बांधलेल्या मसाल्यातून. ऑर्डर आली की गरम केलेल्या वाडग्यात तळाला साधारण तीस मिलिलिटर तारे, त्यावर चमचाभर सुगंधी तेल, मग तीनशे मिलिलिटरच्या आसपास सूप. तोवर खोल जाळीत नूडल्स शिजत असतात. त्या झटकून पाणी काढायचं, याला ‘यु-किरी’ म्हणतात. नूडल्स सुपात सोडून घडी घातल्यासारख्या सरळ करायच्या, वर मांसाचे काप, आंबवलेल्या बांबूच्या फोडी, पात, अंडं. सूप ओतल्यापासून वाडगा समोर ठेवेपर्यंत अर्ध्या मिनिटाहून जास्त लागला, तर आमचे मालक नुसते माझ्याकडे बघायचे. तेवढं पुरे असायचं.

नूडल्स पिवळसर दिसतात त्या अंड्यामुळे, असं पुष्कळांना वाटतं. बहुतेक ठिकाणी अंडं नसतंच. पिठात ‘कान्सुइ’ नावाचं क्षारयुक्त पाणी घालतात, म्हणजे सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेट. आपल्या पापडखाराची ही सख्खी भावंडं. उडदाच्या पापडाला खारामुळे जो ताठपणा आणि वेगळा वास येतो, तोच प्रकार इथं गव्हाच्या पिठात होतो. रंग बदलतो, नूडल दाताखाली किंचित उसळी घेते. पण उकळत्या सुपात पडल्या क्षणापासून ती पाणी पीत राहते. पीठ मळताना पाणी जितकं कमी, तितकी ती नंतर अधिक वेगानं फुगते. फुकुओकाकडच्या हाकाता पद्धतीच्या बारीक नूडल्समध्ये पाणी फारच कमी असतं, त्यामुळे त्या मिनिटाभरात शिजतात आणि पाच-सात मिनिटांत मऊ पडतात. म्हणूनच तिकडे पहिल्यांदा थोड्याच नूडल्स वाढतात, आणि संपल्या की उरलेल्या सुपात दुसरा घोस मागवायचा. त्याला ‘काएदामा’ म्हणतात. मिसळीबरोबर पुन्हा कट मागवतो आपण, इथं उलटं: रस्सा तोच, पाव नवा.

माझा एक शाळूसोबती इचलकरंजीहून आला होता तेव्हाची गोष्ट. तो, त्याची बायको आणि दोन मेहुणे आमच्याच दुकानात आले. त्याचा वाडगा पहिला आला. तो हात जोडून बसला. घरची शिस्त, सगळ्यांची ताटं आल्याशिवाय घास नाही. मधे दुसऱ्या गिऱ्हाइकांचे वाडगे गेले, मेहुण्याचं सगळ्यात शेवटी आलं. तोवर सहा-सात मिनिटं झाली होती. मालकांनी काही न बोलता त्याच्यापुढचा वाडगा उचलला, ओतून दिला आणि नवीन करून ठेवला. सोबत्याला वाटलं, आपलं काही चुकलं. चूक माझी होती, मी आधी सांगायला हवं होतं. जपानमध्येही एरवी एकत्र सुरुवात करण्याची रीत आहेच, पण रामेनला सूट आहे. ज्याचं आधी आलं त्यानं ‘ओ-साकी नि’, म्हणजे ‘मी पुढे होतो’, असं म्हणायचं आणि सुरू करायचं. कुणाला वाईट वाटत नाही. फोटो काढायचा तर एक, फार तर दोन. पाचही वाडगे शेजारी मांडून वरून फोटो घेण्याचा बेत असेल तर तो आत्ताच सोडा.

आता कुठं बसायचं ते. कॅफेत रामेन सहसा मिळत नाही, आणि कॉफीबरोबर रामेनही देणाऱ्या ठिकाणी मी तरी जाणार नाही. रामेनची खरी दुकानं म्हणजे आठ-दहा खुर्च्यांचा एक कट्टा, समोर स्वयंपाकघर, मागे भिंत. पाच जणांना शेजारीशेजारी जागा मिळण्याची वाट बघाल तर रांगेतले तुमच्या मागचे पुढे जातील. दोन आणि तीन असे फुटा. एकानं रांगेत उभं राहून बाकीच्यांनी ऐन वेळी येणं हे तर अजिबात करू नका. पुष्कळ दुकानांबाहेर तशी पाटीच असते, आणि नसली तरी मागच्या माणसाच्या चेहऱ्यावर ती वाचता येते. गप्पांची जागा म्हणाल तर ती ही रांगच. थंडीत खांद्याला खांदा लावून अर्धा तास उभं राहण्यात काय मजा असते ते तिथं कळेल. आत गेल्यावर पंधरा मिनिटांत खाऊन बाहेर. मग एखाद्या जुन्या ‘किस्सातेन’मध्ये, म्हणजे तिथल्या कॉफीघरात, हवं तितकं बसा.

इचिरान या रामेनच्या साखळीसारख्या ठिकाणी दोन खुर्च्यांच्या मधे लाकडी पडदे असतात, चवीवरच लक्ष राहावं म्हणून. एकटा माणूस असेल तर उत्तम. मित्रांना घेऊन तिथं जाणं म्हणजे पाच जणांनी पाच फोनबूथमध्ये शिरण्यासारखं.

टेबलाभोवती बसायचंच असेल, आणि तुमचा कल तिकडेच दिसतो, तर ‘माची-चूका’ शोधा. म्हणजे गल्लीतलं जुनं, घरगुती चिनी-जपानी खाणावळीसारखं दुकान. लाल पडदा, भिंतीवर हातानं लिहिलेल्या किमती, कोपऱ्यात चालू टीव्ही. तिथं ग्योझा (सारण भरलेले मोमोसारखे तुकडे), तळलेला भात, बिअर असं आधी मधोमध ठेवून खाता येतं, आणि शेवटी ज्याला हवं त्यानं साधं शोयू, म्हणजे सोया सॉसचं, रामेन घ्यावं. हे रामेन दैवी वगैरे नसतं, पण वातावरण तुम्हाला हवं तेच. हिदाकाया नावाच्या साखळीतही अशीच स्वस्त बैठक जमते, संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर लोक तिथं एक बिअर घेऊन बसलेले दिसतात. जपानी मित्रांच्या टोळीत रामेन येतं तेही मैफिलीच्या शेवटी, आधी पिणं-खाणं आणि मग घरी जाताना ‘शिमे’चं, म्हणजे समारोपाचं रामेन. ताकभातासारखं.

पण तुमच्या बोलघेवड्या टोळीला मी खरं तर त्सुकेमेन सुचवीन. यात नूडल्स शिजवून गार पाण्यात चोळून धुतात आणि वेगळ्या देतात, दाट सूप लहान वाडग्यात वेगळं. बुडवायचं आणि खायचं. नूडल्स सुपात पडून नसल्यामुळे फुगत नाहीत, बोलायला थोडी उसंत मिळते. तोटा एवढाच की नूडल्स जाड असल्यानं शिजायला आठ-दहा मिनिटं जातात, आणि सूप हळूहळू गार होतं. शेवटी उरलेल्या दाट सुपात ‘सूप-वारी’ मागायची, ते पातळ गरम सूप घालून देतात, मग ते प्यायचं. हा प्रकार रूढ केला काझुओ यामागिशी यांनी. दुकानातले लोक जाळीत उरलेल्या नूडल्स सुपात बुडवून खायचे, त्यावरून १९५५ मध्ये त्यांनी तो गिऱ्हाइकांसाठी आणला. १९६१ मध्ये त्यांनी हिगाशी-इकेबुकुरोत स्वतःचं ‘ताइशोकेन’ काढलं, तिथं शिकून गेलेल्यांची दुकानं आज देशभर आहेत. २०१५ साली ते गेले. भटारखान्यातलं खाणं गिऱ्हाइकाच्या ताटात गेलं, याचं मला नेहमी अप्रूप वाटतं.

शाकाहारी मित्राबद्दल मात्र थोडं कडक बोलतो. नेहमीच्या रामेनच्या दुकानात त्याच्यासाठी काहीही नाही. ‘यासाइ रामेन’ म्हणजे भाज्यांचं रामेन असं लिहिलेलं दिसेल. भाज्या असतातच, ढीगभर असतात, पण त्या बहुधा डुकराच्या चरबीत परतलेल्या आणि डुकराच्या वा कोंबडीच्या हाडांच्या सुपावर रचलेल्या. वरचे मांसाचे काप काढायला सांगितले तरी सूप तेच. तारेमध्येही बहुधा सुकवलेला मासा असतो. सुरुवातीच्या दिवसांत मी स्वतः एका गुजराती गृहस्थांना मिसो रामेन ‘चालेल’ म्हणून सांगितलं होतं, मिसो सोयाबीनचा म्हणून. त्यांनी अर्धा वाडगा संपवल्यावर माझ्या लक्षात आलं. तेव्हापासून मी या बाबतीत ‘चालेल’ हा शब्द वापरत नाही. जपानी माणसाच्या ‘निकु’ म्हणजे मांस या शब्दात मासा येतोच असं नाही, म्हणून ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. ‘वीगन’ (प्राण्यांपासूनचं काहीच नको) हा शब्द वापरा, तो आता मोठ्या शहरांत समजतो.

वाटा आहेत. टोकियो स्टेशनच्या तिकीट फाटकांच्या आत ‘टीज तानतान’ हे पूर्ण वनस्पतीजन्य रामेनचं दुकान आहे. तीळ आणि शेंगदाण्याच्या अंगानं जाणारं तिथलं तानतानमेन शेंगदाणा-कूटावर वाढलेल्या आपल्या जिभेला लगेच पटतं. पाचही जण तिथं खाऊ शकता, आणि मांस खाणाऱ्या तिघांनाही काही कमी वाटणार नाही. दुसरी वाट ‘आफुरी’. त्यांचं युझू नावाच्या लिंबाच्या वासाचं कोंबडीचं हलकं रामेन प्रसिद्ध आहे, आणि बऱ्याच शाखांत वीगन रामेनही असतं, म्हणजे एकाच दुकानात सगळ्यांचं भागतं. जायच्या आधी त्या शाखेचं त्या दिवशीचं मेनूकार्ड बघून घ्या. कांदा-लसूणही नको असेल तर मग रामेनचा नाद सोडून टोकियोतल्याच नीशी-कासाईला या. तिथं भारतीयांची मोठी वस्ती आहे, मराठी ऐकू येते, शाकाहारी जेवणही मिळतं.

डुक्कर न खाणाऱ्यासाठी ‘तोरी पाइतान’ बघा. कोंबडीची हाडं जोरात, तासन्‌तास उकळली की त्यातली चरबी आणि हाडांतून सुटलेलं जिलेटिन पाण्यात घोटलं जातं आणि सूप दुधासारखं पांढरं होतं. दिसायला थेट पांढरा रस्सा, फक्त नारळाशिवाय. पण वरचे काप डुकराचे असू शकतात, तेवढं विचारा. असाकुसा भागात हलाल रामेनची दुकानं आहेत, तिथं हा प्रश्नच येत नाही. कुणी गोमांस टाळत असेल तर रामेनमध्ये ते क्वचितच असतं. तोत्तोरी भागात मात्र गाईबैलांच्या हाडांच्या सुपाचीच परंपरा आहे, तेव्हा तिकडे गेलात तर जपून.

उरलेल्या तिघांनी एकच प्रकार मागवू नये, एवढंच माझं म्हणणं. एकानं टोकियोचं सोया सॉसचं शोयू घ्यावं, एकानं फुकुओकाचं डुकराच्या हाडांचं तोनकोत्सु, एकानं साप्पोरोचं मिसो. साप्पोरोच्या वाडग्यावर चरबीचा थर असतो, त्यामुळे सूप शेवटपर्यंत भाजतं. डिसेंबरात त्याचं मोल कळेल. पण पहिला घोट घाईनं घेऊ नका, वाफ दिसत नाही म्हणून फसाल. तोनकोत्सुच्या दुकानात नूडल किती कडक हवी ते विचारतील. ‘काता’ म्हणजे कडक, ‘बारीकाता’ म्हणजे फारच कडक. पहिल्या वेळी ‘फुत्सू’, म्हणजे नेहमीसारखी. कच्चं पीठ चावण्यात मर्दुमकी नाही.

एकमेकांचं चाखायचं असेल तर एक गोष्ट कटाक्षानं पाळा: आपल्या काड्यांनी (चॉपस्टिक्सनी) उचललेला तुकडा समोरच्याच्या काड्यांत देऊ नका. जपानमध्ये दहनानंतर अस्थी अशाच काड्यांनी उचलतात, एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती. वाडगा सरकवा, त्याला घेऊ द्या. भातात काड्या उभ्या खोचणंही वर्ज्य, मृताला ठेवलेल्या भातात तशा खोचतात म्हणून. आणि पाचांत दोन वाडगे मागवून वाटून खाणं लहान दुकानात चालत नाही, माणशी एक ऑर्डर हा अलिखित नियम, कित्येकदा लिहिलेलाही.

वाटून खायची हौस खरंच मोठी असेल तर एक दिवस शिन-योकोहामाच्या रामेन संग्रहालयाला द्या. १९९४ साली उघडलेल्या या जागेत तळघरात १९५८ सालची एक अख्खी संध्याकाळची गल्ली उभी केली आहे. सालही मुद्दाम निवडलेलं, मोमोफुकु आंदो यांनी पाकिटातलं चिकन रामेन बाजारात आणलं ते वर्ष. निरनिराळ्या भागांतली नावाजलेली दुकानं तिथं शेजारीशेजारी आहेत आणि लहान आकाराचं ‘मिनी रामेन’ मिळतं. बसताना माणशी एक घ्यावं लागतं, पण तीन दुकानं फिरूनही पोट फुटत नाही.

पैसे. साधा वाडगा नऊशे ते बाराशे येन धरा, अंडं-काप जास्तीचे घेतले तर पंधराशेपर्यंत. या धंद्यात ‘हजार येनची भिंत’ असा शब्दच आहे. वाडगा हजारावर गेला की गिऱ्हाईक नाक मुरडतं, म्हणून मालक वर्षानुवर्षं किंमत दाबून धरतात. टिप द्यायची नाही, द्याल तर पोरगा रस्त्यावर धावत येऊन परत करेल. पुष्कळ दुकानांत दाराशीच तिकिटाचं यंत्र असतं. पैसे टाका, बटण दाबा, चिठ्ठी आत द्या. बटणांवर फक्त जपानी असेल तर डावीकडचं सगळ्यात वरचं दाबा, बहुधा दुकानाची खासियत तिथंच असते. जुनी यंत्रं हजाराच्या नोटा आणि नाणीच घेतात. त्यात जुलै २०२४ मध्ये नव्या नोटा आल्यावर यंत्रं बदलण्याचा भुर्दंड छोट्या दुकानांना बसला, काहींनी तो टाळलाही. खिशात सुटे ठेवा. यंत्रासमोर उभं राहून पाच जणांनी चर्चासत्र भरवू नका, कोण काय घेणार ते रांगेत ठरवा.

भुरके मारायला लाजू नका. आजोबा आमटीचा भुरका मारायचे तसाच मारायचा, चार-पाच नूडल्स एका वेळी, मधे न तोडता. हवेबरोबर वास नाकात मागच्या बाजूनं चढतो आणि नूडल थोडी निवते. जमत नसेल तर चमच्यात घेऊन खा, कुणी बघत नाही. सूप सगळं पिण्याची सक्ती नाही. एका वाडग्यात सूप धरून पाच-सहा ग्रॅम मीठ सहज असतं, आणि जपानच्या आरोग्य खात्यानं पुरुषांसाठी दिवसाला साडेसात ग्रॅमच्या आतली मर्यादा ठरवली आहे, स्त्रियांसाठी साडेसहाच्या आतली. चार दिवसांत सात रामेन खाण्याची यादी तुमच्यापैकी कुणी केली असेल तर त्यानं तरी सूप ठेवावं. खाऊन झालं की वाडगा कट्ट्याच्या वरच्या फळीवर ठेवा, समोरच्या फडक्यानं आपली जागा पुसा, ‘गोचिसोसामा’, म्हणजे जेवणाबद्दल आभार, म्हणा आणि उठा. ते ऐकलं की आतला माणूस मान वर करतो. आठ वर्षं मी तो आतला माणूस होतो, त्यामुळे खात्रीनं सांगतो.

वेळेचं शेवटचं. दुपारी बारा ते एक ऑफिसवाल्यांची गर्दी असते. अकराला उघडताच जा किंवा दोननंतर. दोननंतर गेलात तर सूप संपून दार बंद झालेलं असण्याची तयारी ठेवा, कारण चांगली दुकानं उरलेल्या सुपात पाणी घालत नाहीत, पाटी उलटवतात. डिसेंबरच्या शेवटच्या दोन आठवड्यांत टेबलं असलेल्या जागा ऑफिसच्या वर्षअखेरच्या मेजवान्यांनी भरून जातात, माची-चूकात जायचं तर संध्याकाळी सहाच्या आत गाठा. आणि ३१ तारखेपासून ३ जानेवारीपर्यंत लहान दुकानं बहुधा बंद असतात. तुमची विमानं त्या सुमारास असतील तर रामेन पहिल्या दिवशीच उरकून घ्या.